ओट्यावरचे सिंक: धातू, दगड की माती?

घराची दुरुस्ती निघाली की सर्वांत लांबलेली चर्चा बहुधा स्वयंपाकघरावरून होते. ओटा किती उंच असावा, फरशी कोणती बसवावी, नळ कोणत्या भिंतीला घ्यावा, असे एकेक मुद्दे मिटत जातात आणि गाडी सिंकपाशी येऊन अडते. दुकानात एका बाजूला चकचकीत स्टेनलेस स्टीलची सिंक मांडलेली असतात. शेजारी पांढरीशुभ्र चिनी मातीची असतात. पलीकडे दगडासारखी दिसणारी काळी, करडी, तपकिरी सिंक असतात. दुकानदार प्रत्येकाचे गुण सांगतो. घरातील वडीलधाऱ्या माणसांना मात्र कडाप्प्याची किंवा शहाबादी फरशीची जुनी मोरीच बरी वाटत असते.

विद्यार्थी मित्रहो, या चर्चेत तुम्हांलाही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आठवी ते दहावीच्या रसायनशास्त्रात आणि पदार्थविज्ञानात तुम्ही जे शिकता, त्यातील निम्म्याहून अधिक धडे या एका वस्तूत एकत्र आलेले आहेत. शिवाय प्रश्न साधा नाही. पंखा बिघडला तर काढून दुसरा लावता येतो. सिंकचे तसे नसते. ते ओट्याच्या दगडात खाचून बसवलेले असते. ते बदलायचे म्हणजे दगड कापणे, सांधे फोडणे, नळकाम पुन्हा करणे आणि चार दिवस घर धुळीत ठेवणे आले. म्हणून निवड एकदाच करायची आणि ती निदान पंधरावीस वर्षे पुरली पाहिजे.

तेव्हा ‘सर्वांत चांगले सिंक कोणते?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि त्याऐवजी दुसराच प्रश्न विचारू. आपल्या स्वयंपाकघरात सिंकवर काय काय प्रसंग येणार आहेत आणि त्यांतील कोणता प्रसंग कोणत्या पदार्थाला सोसणार नाही?

सिंकवर काय काय गुदरते?

एका दिवसाचा हिशेब मांडून पाहा. सकाळी भाताची पेज किंवा उकळलेल्या बटाट्यांचे पाणी ओतले जाते, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसच्या जवळपासचे पाणी एकदम थंड पृष्ठभागावर पडते. दुपारी खरकटी भांडी येतात. त्यांत चिंच असते, कोकम असते, ताक असते, लिंबाच्या फोडी असतात. ही सगळी आम्ले आहेत. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक आम्ल, ताकात लॅक्टिक आम्ल आणि कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. त्यांच्याबरोबर मीठ येते, हळद येते, तेल येते. मग घासणी फिरते. मधूनच हातातून पातेले निसटते आणि त्याची कड सिंकवर आदळते. रात्री ओला लोखंडी तवा तसाच आत राहतो. आणि महिन्यातून एकदा कोणीतरी ‘जरा चकचकीत करू’ म्हणून बाजारातले तीव्र आम्ल किंवा ब्लीच त्यात ओतते.

म्हणजे ओरखडा, आघात, उष्णता, आम्ल आणि मीठ हे सिंकचे पाच शत्रू झाले. यांतील प्रत्येकाविरुद्ध पदार्थाचा एक वेगळा गुण उपयोगी पडतो. पाचही गुण एकाच पदार्थात पूर्णपणे सापडत नाहीत. सगळी अडचण येथेच आहे.

कठीण निराळा, चिवट निराळा

बोलण्यात आपण ‘मजबूत’ हा एकच शब्द वापरतो. विज्ञानात मात्र त्याची फोड करावी लागते.

एखाद्या पदार्थावर ओरखडा उठवणे जितके अवघड, तितके त्याचे काठिण्य अधिक. फ्रीडरिश मोज या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजांची एक श्रेणी तयार केली. वरच्या पायरीवरचे खनिज खालच्या पायरीवरच्या खनिजावर ओरखडा काढते, एवढेच तिचे सूत्र. शंखजिऱ्याला १, जिप्समला २, कॅल्साइटला ३ आणि अशा चढत्या क्रमाने क्वार्ट्झला ७ व हिऱ्याला १० हा अंक मिळाला. घरातील सुरीचे पोलाद आणि खिडकीची काच साधारण साडेपाचच्या आसपास येतात.

आता एक गंमत पाहा. वाळूचे कण बहुतांशी क्वार्ट्झचे असतात. म्हणून मातीने भांडी घासली की पोलादावर आणि काचेवर बारीक ओरखडे उठतात. सातच्या पायरीवरचा पदार्थ साडेपाचवरच्याला कापणारच.

पण काठिण्य म्हणजे चिवटपणा नव्हे. काच लोखंडी खिळ्याइतकीच कठीण असते. तरी हातोडीचा एक फटका बसला की काच फुटते आणि खिळा फार तर वाकतो. फटक्याची ऊर्जा पदार्थाला कोठेतरी जिरवावी लागते. धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून धातू पोचतो, वाकतो, पण तुटत नाही. काच, चिनी माती, दगड यांत असे सरकणे जवळजवळ होत नाही. तेथे ऊर्जा एखाद्या बारीक चिरेच्या टोकाशी एकवटते आणि चीर पळत सुटते. अशा पदार्थाला आपण ठिसूळ म्हणतो.

सिंकच्या निवडीत पहिला तिढा हाच आहे. जो पदार्थ ओरखड्याला दाद देत नाही तो बहुधा आघाताला भितो, आणि जो आघात सोसतो त्याच्यावर ओरखडे उठतात.

याला आणखी एक बाजू आहे. आघात फक्त सिंकला होत नाही, भांड्यालाही होतो. काचेचा पेला पातळ पत्र्याच्या सिंकमध्ये पडला तर पत्रा किंचित दबतो. पेल्याचा वेग शून्यावर यायला थोडा अधिक वेळ मिळतो. संवेग-बदल तेवढाच, पण वेळ अधिक, म्हणून बल कमी. तोच पेला दगडाच्या मोरीवर पडला तर वेळ फारच थोडा मिळतो, बल मोठे होते आणि पेला फुटतो. न्यूटनचा दुसरा नियम असा कपबशीपर्यंत येऊन पोचतो.

दगडाची मोरी आणि लिंबाचा थेंब

महाराष्ट्रातील जुन्या घरांत मोरी दगडाचीच असे. शहाबादी फरशी कर्नाटकातील शहाबाद भागातून येते आणि काळा कडाप्पा आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यातून येतो. एक करडा, दुसरा काळा. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघे भाऊ आहेत. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणजे त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे. संगमरवरही त्याच कुळातला. मोजच्या श्रेणीत कॅल्साइटची पायरी तिसरी, म्हणून हे दगड सुरीने सहज खरवडले जातात.

कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि कॅल्शियमचा पाण्यात विरघळणारा क्षार तयार होतो. याचा अर्थ असा की चिंचेच्या कोळाचा प्रत्येक थेंब दगडाचा थोडासा भाग घेऊन जातो. एका दिवसात काहीच दिसत नाही. वर्षानुवर्षांनी मात्र मोरीची झळाळी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो, त्या खरखरीत मेण आणि तेल अडकते आणि मग कितीही घासले तरी मोरी कळकटच दिसते. दोष घासणाऱ्याच्या हातांचा नसतो, आम्लाचा असतो. सिमेंटच्या मोरीचीही हीच गत होते, कारण घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये चुन्याची संयुगे असतात.

ग्रॅनाइट आणि आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट यांचे कूळ निराळे. ते सिलिकेट खनिजांचे बनलेले असतात. लिंबाच्या रसाने त्यांचे काही बिघडत नाही. आपले पाटा-वरवंटे बेसाल्टचे असतात, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच-कोकमाच्या चटण्या वाटल्या गेल्या, हे याचेच प्रमाण. म्हणून ओट्याला ग्रॅनाइट चांगला. पण अखंड ग्रॅनाइट कोरून सिंक करणे खर्चाचे आणि फार जड होते. तुकडे जोडून केले तर सांधे राहतात, आणि पाण्याची वाट नेहमी सांध्यातूनच निघते.

काचेची साल

चिनी मातीचे किंवा फायरक्लेचे सिंक पाहिले की ते मातीचे आहे यावर विश्वास बसत नाही. माती आकार देऊन वाळवतात, तिच्यावर झिलईचा लेप देतात आणि बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. त्या उष्णतेत लेप वितळून काचेसारखा एकसंध थर होतो. आपण हात लावतो तो या काचेच्या सालीला. काचेला चिंच, लिंबू, मीठ, हळद यांपैकी कोणीही त्रास देऊ शकत नाही. डाग पुसला की गेला. आम्ल आणि मीठ या दोन शत्रूंविरुद्ध याहून चांगले कवच सापडणे कठीण.

बिडाच्या सिंकवर एनॅमलचा थर देतात, तीही काचच. फरक एवढाच की येथे सालीखाली माती नसून लोखंड असते. जोवर साल अखंड आहे तोवर सर्व ठीक. एखादा टवका उडाला की खालचे लोखंड उघडे पडते, गंजू लागते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्यामुळे तो कडेची साल आणखी उचकटतो. टवका वाढतच जातो.

झिलईचा दुसरा शत्रू उष्णता. उकळते पाणी थंड सिंकमध्ये ओतले की वरचा थर प्रसरण पावू पाहतो. चिनी माती उष्णतेची मंदवाहक, म्हणून आतला भाग थंडच असतो आणि तो वरच्याला पसरू देत नाही. या ओढाताणीतून कालांतराने झिलईवर केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात. उपाय सोपा आहे. उकळते पाणी ओतताना थंड पाण्याचा नळ सोडून ठेवावा.

आणखी एक निरीक्षण. पांढऱ्या सिंकमध्ये स्टीलची भांडी घासली की काळपट रेघा उठतात. घरात वाटते की सिंकवर ओरखडे पडले. बहुधा उलटे झालेले असते. झिलई कठीण, म्हणून भांड्याचाच धातू झिजून तिच्यावर उमटतो, जशी पेन्सिल कागदावर उमटते. मराठी घरांत भांडी बहुतेक स्टीलची आणि जड असतात, हे पांढरे सिंक घेताना ध्यानात ठेवावे.

आपली जखम आपणच भरणारे पोलाद

आता दुकानातल्या सर्वांत लांब रांगेकडे वळू. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा अभ्यास करत होता. त्यासाठी त्याने पोलादात क्रोमियम मिसळून पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुन्यावर आम्ल लावून त्याची रचना उठावदार करावी लागते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या नमुन्यांवर ते आम्ल नीट चालेना. ब्रिअर्लीने मग स्वयंपाकघरातील आम्ले घेतली. व्हिनेगर, लिंबाचा रस यांचाही परिणाम होईना. सुऱ्या बनवणाऱ्या शेफील्ड गावात या शोधाचा अर्थ लगेच कळण्यासारखा होता. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेलही घातलेले पोलाद तयार झाले. आज आपल्या स्वयंपाकघरातील पुष्कळसे स्टील या दुसऱ्या जातीचे असते.

स्टेनलेस स्टील गंजत का नाही? उत्तर थोडे अनपेक्षित आहे. ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते, म्हणूनच गंजत नाही! साध्या लोखंडावर चढणारा गंज सच्छिद्र आणि खपल्या पडणारा असतो. खपली पडली की खालचे नवे लोखंड उघडे पडते. क्रोमियमचे ऑक्साइड मात्र घट्ट, एकसंध आणि पारदर्शक असते. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असले की सगळ्या पृष्ठभागावर अशी साल चढते. तिची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा लाख सारखे भाग करा, त्यांतील दोन-तीन भागांएवढी. ती डोळ्यांना दिसत नाही, आपल्याला दिसते ती खालच्या धातूची चकाकी.

या सालीचा मोठा गुण पुढेच आहे. सुरीने ओरखडा काढला की साल फाटते, पण खालच्या धातूतही क्रोमियम असतेच. त्याला हवा मिळताच नवी साल तयार होते. एनॅमलचा टवका उडाला तर उडाला, स्टेनलेस स्टीलची जखम मात्र आपोआप भरते. चिवटपणा धातूचा आणि कवच ऑक्साइडचे, असे दोन्ही गुण एका पत्र्यात आल्यामुळे हा पदार्थ स्वयंपाकघरात टिकून राहिला.

तरीही त्याला एक शत्रू आहे, तो म्हणजे क्लोराइड. मिठात ते असते, ब्लीचमध्ये असते, आणि फरशी साफ करण्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लात तर भरपूर असते. क्लोराइडचे आयन सालीच्या एखाद्या दुबळ्या जागी शिरकाव करतात आणि तेथे बारीक खड्डा पडतो. खड्ड्याच्या तळाशी ऑक्सिजन नीट पोचत नाही, म्हणून साल पुन्हा तयार होत नाही. उलट आत आम्लता वाढत जाते आणि खड्डा खोल होत जातो. बाकीचे सिंक लखलखीत असते आणि एका जागी टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते. म्हणून आम्ल आणि ब्लीच स्टीलच्या सिंकपासून लांब ठेवावे. ही दोन्ही एकत्र तर कधीच करू नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सिंकमधला प्रत्येक तांबूस डाग मात्र सिंकचा गंज नसतो. ओला तवा किंवा विळीचे पाते रात्रभर ठेवले की त्यांचा गंज सिंकवर उतरतो. साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे तुकडे अडकून राहिले तरी तेच. असा डाग सौम्य साबणाने व मऊ घासणीने बहुतेक वेळा निघून जातो.

३०४, २०२ आणि लोहचुंबक

दुकानात ‘हे ३०४ आहे’ असे सांगतात. हा आकडा मिश्रणाचा प्रकार दाखवतो. ३०४ जातीत १८ ते २० टक्के क्रोमियम आणि ८ ते साडेदहा टक्के निकेल असते. २०२ जातीत निकेलचा काही भाग काढून त्याजागी मँगनीज घातलेले असते. निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते १० टक्के. ४३० जातीत निकेल नसतेच म्हटले तरी चालेल, क्रोमियम मात्र १६ ते १८ टक्के असते.

आपल्या देशात कमी निकेलच्या जाती पुष्कळ खपतात, त्यामागे भूगोल आहे. भारतात क्रोमाइटचे साठे चांगले आहेत आणि त्यांतील बहुतेक ओडिशात आहेत. निकेल मात्र परदेशातून आणावे लागते आणि ते महाग पडते. मँगनीज स्वस्त. २०२ म्हणजे खोटे स्टील नव्हे. पण गंजाला तोंड देण्यात ते ३०४ च्या मागे पडते, आणि ३०४ चे पैसे देऊन २०२ घरी आणणे हा तोटा आहेच.

मग ओळखायचे कसे? पुष्कळ लोक खिशातून लोहचुंबक काढतात. चिकटला तर वाईट, न चिकटला तर चांगले, असा समज आहे. तो कितपत खरा? लोखंडात पुरेसे निकेल किंवा मँगनीज मिसळले की अणूंची मांडणी बदलते आणि मिश्रधातू चुंबकाला दाद देत नाही. म्हणजे ३०४ ला चुंबक चिकटत नाही आणि २०२ लाही चिकटत नाही. ज्या दोघांत फरक करायचा, त्यांच्यातच ही चाचणी निरुपयोगी ठरते! एवढेच नव्हे, तर सपाट पत्रा दाबून खोल सिंक करताना कोपऱ्यांत धातू फार ताणला जातो. त्या ताणाने अस्सल ३०४ मध्येही काही जागी अणूंची मांडणी पालटते आणि कोपऱ्याला चुंबक किंचित ओढला जातो. तेव्हा चुंबकावरून निकाल देऊ नये. खात्रीचे उत्तर रासायनिक परीक्षणच देते. ते आपल्याला शक्य नसले तरी पावतीवर जात आणि जाडी लिहून घेणे शक्य आहे.

एक मिलिमीटरचा हिशेब

जाडी ‘गेज’मध्ये सांगतात. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, हे आधी लक्षात घ्या. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मि.मी. आणि २० गेज म्हणजे साधारण ०.९ मि.मी. पण व्यवहारात या आकड्यांत थोडाफार फरक होतो, म्हणून जाडी मिलिमीटरमध्येच विचारावी.

०.२ मिलिमीटरने काय मोठा फरक पडतो, असे वाटेल. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.८ मि.मी. ऐवजी १ मि.मी. पत्रा घेतला तर जाडी १.२५ पट झाली. १.२५ चा घन करा, १.९५ येतो. म्हणजे धातू पावपट अधिक आणि ताठपणा जवळजवळ दुप्पट! पातळ सिंक पाणी पडताच ढोलासारखे वाजते, कारण पत्रा सहज थरथरतो. तळाला रबराची चकती चिकटवलेली असेल तर ती ही कंपने जिरवते.

उष्णतेचाही हिशेब करू. स्टेनलेस स्टीलचा एक मीटर लांबीचा तुकडा शंभर अंशांनी तापवला तर सुमारे १.७ मि.मी. वाढतो. ग्रॅनाइट त्याच्या निम्म्याच्या आसपास वाढतो. सगळे सिंक एकदम इतके तापत नाही हे खरे, तरी रोजच्या गरम-थंड होण्यात स्टील दगडापेक्षा अधिक हलते. दोघांमधला सांधा नुसत्या सिमेंटने भरला तर तो तडकण्याचा संभव असतो आणि फटीतून पाणी खालच्या कपाटात झिरपते. रबरासारखे लवचीक सिलिकोन येथे का वापरतात, ते आता सांगावयास नकोच.

दगड आणि राळ

काळी-करडी नवी सिंक दगडाची वाटतात, पण ती मिश्रण असतात. क्वार्ट्झचा किंवा ग्रॅनाइटचा चुरा साधारण तीनचतुर्थांश किंवा अधिक, आणि उरलेली अॅक्रिलिकसारखी कृत्रिम राळ. ही कल्पना जुनी आहे. मातीच्या भिंतीत भुसा मिसळतात, सिमेंटमध्ये खडी मिसळतात, तसेच हे. क्वार्ट्झ ओरखड्यापासून राखते आणि राळ दाण्यांना धरून ठेवते. आवाज कमी होतो, लिंबाचिंचेचा त्रास नाही. पण राळ हे प्लास्टिकच आहे. चुलीवरून उतरवलेला तापलेला तवा थेट ठेवला तर क्वार्ट्झचे काही बिघडत नाही, राळेचे बिघडते.

गडद रंगाच्या सिंकवर दुसरी एक तक्रार फार दिसते, ती म्हणजे पांढरे डाग. बोअरच्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात, त्यात साबणाला फेस येत नाही. थेंब वाळताना त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि ते पृष्ठभागावर बसते. हा तर शहाबादी फरशीचाच पदार्थ! म्हणजे दगडाच्या मोरीचे जे नुकसान करते तेच आम्ल येथे औषध होते. पातळ व्हिनेगर किंवा लिंबाची फोड फिरवून लगेच धुतले की डाग निघतो. स्टील, झिलई आणि मिश्रण या तिन्हींना हे चालते. सर्वांत उत्तम म्हणजे रात्री सिंक कोरडे पुसून ठेवणे.

मग घ्यावे कोणते?

आता सुरुवातीच्या पाच शत्रूंकडे परत जा आणि आपल्या घराकडे पाहा.

भांडी जड, माणसे पुष्कळ, काम घाईचे, उकळते पाणी रोजचे, असे घर असेल तर स्टेनलेस स्टील घ्यावे. शक्य तर ३०४ जातीचे आणि निदान एक मिलिमीटर जाडीचे. त्यावर ओरखडे उठतील, पण ते दुखणे वरवरचे आहे. पुढेमागे काढावे लागले तरी भंगारात त्याला किंमत येते आणि धातू पुन्हा वितळवून वापरात येतो.

घर लहान, भांडी थोडी आणि हळुवार हाताळली जाणारी, आणि पांढरा स्वच्छपणा प्रिय, तर झिलईचे सिंक अनेक वर्षे नव्यासारखे राहील. मात्र ते जड असते, त्याला खालून भक्कम आधार हवा.

आवाज नको असेल आणि पाणी सुफेन असेल तर दगड-राळेचे मिश्रण चालेल, तापलेल्या तव्याला बाजूला जागा ठेवून.

दगडाची मोरीच हवी असेल तर चुनखडीचा दगड टाळावा, सिलिकेटचा घ्यावा.

आणि एक गोष्ट पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही. सिंकपाशी रोज तासन्‌तास उभे राहणाऱ्या व्यक्तीला दुकानात बरोबर न्यावे. मग ती आई असो, आजी असो, बाबा असोत की भांडी घासायला येणाऱ्या मावशी असोत. सिंकचा तळ फार खोल गेला तर पाठ वाकते, फार उथळ झाला तर पाणी अंगावर उडते. जात आणि जाडी आपण तपासू शकतो. पण हात कोठवर सहज पोचतो, हे ज्याचा हात त्यालाच ठाऊक.

करून पाहा

१. फरशीवाल्याकडून शहाबादी, कडाप्पा, संगमरवर आणि ग्रॅनाइटचे टाकाऊ तुकडे आणा. प्रत्येक तुकडा खिळ्याने खरवडून थोडी पूड काढा आणि तीवर लिंबाच्या रसाचे थेंब टाका. कोठे बुडबुडे येतात? भिंगातून पाहा. खिळा कोणत्या दगडावर चालत नाही, तेही नोंदवा.

२. घरातील स्टीलच्या भांड्यांना आणि सिंकला लोहचुंबक लावा. सपाट तळ आणि वळलेले काठ यांत फरक जाणवतो का? निरीक्षणांचा तक्ता करा.

३. एक साधा लोखंडी खिळा आणि एक जुना स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात निम्मे बुडवून आठवडाभर ठेवा. रोज पाहा. पाणी आणि हवा जेथे भेटतात त्या रेषेपाशी काय होते?

४. शिक्षकांच्या मदतीने शाळेतील, घरातील आणि शेजारच्या तीन घरांतील सिंकची पाहणी करा. पदार्थ कोणता, वय किती, पाणी नळाचे की बोअरचे, साफ कशाने करतात आणि डाग कसले आहेत, एवढे पाच रकाने पुरेत. तक्ता पुरा झाला की त्यावरून वर्गात चर्चा करा. आपल्या गावातील पाण्याला कोणते सिंक मानवते, याचे उत्तर दुकानदारापेक्षा तुम्हांलाच अधिक खात्रीने देता येईल.